अंतर तेच, मग तास वेगळे का?

प्रश्न : जानेवारीत लेकीकडे लंडनला जायचे आहे. तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ दुपारी २.१५ आणि पोहोचायची त्याच संध्याकाळी ६.४५ अशी आहे. परतीचे विमान रात्री ९ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला मुंबईत येते. म्हणजे जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा? खरे किती तास बसावे लागेल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तिथले संध्याकाळचे ६.४५ म्हणजे आपले रात्रीचे १२.१५. तेव्हा जाताना १० तास. येताना रात्रीचे ९ म्हणजे आपले पहाटेचे २.३०, तिथून ११.३० पर्यंत ९ तास. ताळा हवा असेल तर तुम्ही काढलेले दोन्ही आकडे मिळवा : साडेचार अधिक साडेचौदा, १९. घड्याळांचा फरक जाता-येता आपोआप कटतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र हा फरक साडेचारच तासांचा असतो. परतीची तारीख मार्चच्या त्या रविवारपलीकडे गेली तर हिशेब नव्याने करा.

उरलेला एक तास वाऱ्याचा. विमाने उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि ते हिवाळ्यात अधिकच जोर धरतात. मुंबई-लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला आणि वारा सरासरी ८० ने समोरून आला, तर पावणेनऊ तास. तोच पाठीशी असला तर सात तास वीस मिनिटे.

मात्र विमान या सरळ रेषेने जात नाही. पृथ्वीच्या गोलावर ही रेषा पाकिस्तान, कॅस्पियन समुद्राचा परिसर आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली. त्यामुळे एकाच मार्गावर भारतीय आणि परदेशी कंपनीच्या वेळा वेगळ्या दिसू शकतात. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. हीथ्रोवर गर्दी असली की उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्याचीही तजवीज त्यात असते. घिरट्या टळल्या की विमान ‘वेळेआधी’ पोहोचते. वैमानिकाने फार पळवले असे नव्हे! पुढची गाडी किंवा विमान धरायचे असेल तर हिशेब छापील वेळेचाच करा.

प्रश्न : मुंबईहून नागपूरला विमानाने साधारण दीड तास लागतो, दिल्लीला सव्वादोन. दिल्ली तर पुष्कळ लांब आहे ना? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : आहे. हवाई अंतर नागपूरला सुमारे ६८० किलोमीटर, दिल्लीला ११४०. पण धावपट्टीपर्यंत रांगेने जाणे, वर चढणे, उतरणे, पुन्हा जागेवर येणे हा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच जातो. फरक पडतो तो मधल्या ४६० किलोमीटरचा, आणि पूर्ण वेगात ते अर्ध्या तासाचे काम. उरलेली पंधरा मिनिटे बहुतांशी दिल्लीच्या गर्दीसाठी राखून ठेवलेली.