बाबांचा मायक्रोमीटर

प्रश्न: ताई नमस्कार, मी ठाण्यात सावरकर नगरला राहते. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. बाबा वागळे इस्टेटमधे एका कंपनीत टर्नर होते, रिटायर होईपर्यंत लेथवरच, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर. चुलत भावंडं मिळून एक छोटी पुस्तिका काढतायत आणि मी लेक म्हणून "बाबांनी मला काय शिकवलं" यावर एक पान लिहायचंय, पण मला काही सुचतच नाहीये. बाबा बोलायचेच कमी, उपदेश तर कधीच केला नाही. आठवतं ते एवढंच की लग्नाची अंगठी त्यांनी कधी बोटात घातली नाही, आई त्यावरून चिडायची. आणि त्यांचा मायक्रोमीटर, बारीक माप घ्यायचं हत्यार, लाकडी डबीत असायचा, लहानपणी मी तो घट्ट पिळला की म्हणायचे "जोर नको लावू, माप चुकेल". भाऊ म्हणतो जागा लहान आहे, हत्यारं भंगारात देऊन टाकू. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला आजोबा कळावेत असं फार वाटतं. काय लिहू?

उत्तर: तुला तू म्हणते, लेकीसारखीच आहेस. सुचत नाही म्हणतेस आणि पत्रात दोन गोष्टी अशा लिहिल्यायस की मी आमच्या ओळखीच्या एका रिटायर्ड टर्नर काकांना मुद्दाम फोन केला. अंगठीचं ऐकल्याबरोबर ते म्हणाले, अहो लेथवाला अंगठी कशी घालेल? मशीन फिरत असताना अंगठी, घड्याळ, सैल बाही काहीही जॉबमधे, म्हणजे फिरणाऱ्या तुकड्यात, अडकलं की हात आत ओढला जातो, बोट जातं. लेथवर हातमोजेसुद्धा घालत नाहीत, ते म्हणाले. म्हणजे तुझे बाबा दहा बोटं शाबूत घेऊन घरी यायचे ना, त्यामागे ती रिकामी करंगळीशेजारची जागा होती बघ. आईला हे कधी त्यांनी सांगितलं होतं का, विचार. नसेल सांगितलं तर तू सांग, पुस्तिका छापायच्या आधी सांग.

आता मायक्रोमीटर. त्याच्या टोकाला रॅचेट नावाची छोटी फिरकी असते, माप जॉबला टेकलं की ती कट् कट् वाजते आणि तिथेच थांबायचं असतं. त्यापुढे पिळलं तर माप खोटं येतं आणि स्क्रूपण खराब होतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग, ०.०१, मोजणारं हत्यार आहे ते. जन्मभर ज्याने त्या आवाजाला थांबायची सवय लावून घेतली तो माणूस घरातसुद्धा कुणावर जोर लावत नसणार असं मला वाटतं, तूच आठवून बघ. दहावीच्या वेळी, लग्न ठरताना, पैसे कमी पडले तेव्हा ते कुठे थांबले, काय बोलले नाहीत. तुझं पान तिथे आहे.

काकांनी अजून एक सांगितलं, चकची चावी. चक म्हणजे जॉब पकडणारा मशीनचा जबडा. जॉब आवळला की चावी लगेच काढायची, ती चकमधे राहिली आणि मशीन चालू झालं तर गोळीसारखी उडते, शेजारच्या माणसाला लागू शकते. चांगला टर्नर चावी चकमधे ठेवून तिच्यावरचा हात सोडतच नाही म्हणे. तुझ्या बाबांबरोबर काम केलेले लोक किसन नगर, लोकमान्य नगर भागात अजून असतील, त्यांना जाऊन भेट आणि फोनवर रेकॉर्डिंग करून घे, कारण १९६२ ला एमआयडीसी झाली त्या सुरुवातीच्या काळातली ही वागळे इस्टेटची औद्योगिक वसाहत, आता तिथे काचेच्या आयटीच्या बिल्डिंगा झाल्या, जुनी वर्कशॉपं संपत आली आणि ती माणसंही वयाने थकलीत. "कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय" हे शब्द पानावर येऊ देऊ नकोस, ते कुणाच्याही बाबांना लागतात.

भावावर रागावू नकोस, ठाण्यात जागेचा प्रश्न खरा आहे. जड हत्यारं एखाद्या होतकरू आयटीआयच्या मुलाला द्या, भंगारात नको. मायक्रोमीटर मात्र ठेव. पुसून पातळ तेलाचा हात फिरव आणि डबीत ठेवताना तोंड अगदी थोडं उघडं ठेव, घट्ट मिटून ठेवला की आपल्या पावसाळ्यात गंज धरतो. मुलाला सुट्टीत बसवून झेरॉक्सचा कागद मोजायला दे, ०.१ मिलिमीटरच्या आसपास येईल, मग त्याचाच एक केस. पिळेल तो, तू पिळायचीस तसाच. तेव्हा त्याला काय सांगायचं हे तुला माहीत आहे.

प्रश्न: नेरुळला राहतो. पप्पा जाऊन दोन महिने झाले. त्यांचा मोबाईल कुणी वापरत नाही, आई मात्र रोज चार्ज करते. व्हॉट्सअॅपवर त्यांचे आवाजातले मेसेज आहेत. नंबर बंद करावा का?

उत्तर: घाई नको, पण वेळ बघा. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही तर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो, म्हणून रिचार्ज आजच करा आणि सिमवरून एखादा फोन लावा. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण १२० दिवस न वापरल्यास जातं. तुमच्या फोनवर आलेले पप्पांचे मेसेज तुमच्याकडे राहतील पण डाउनलोड केलेलेच, तेव्हा एकेक उघडून दुसरीकडे सेव्ह करा, अगदी "येताना कोथिंबीर आण" हा सुद्धा. त्यांच्या नंबरच्या ओटीपीवर बँकेतून पैसे काढू नका, मृत्यूचा दाखला घेऊन नॉमिनीने रीतसर क्लेम करायचा. ते सगळं मार्गी लागलं की नंबराचं काय करायचं ते आईला ठरवू दे.