‘भरती करतोय’ म्हणजे नक्की काय करतोय?

“मॅडम, चोवीस वर्षांचा झालाय. रात्रभर मोबाइल, सकाळी अकराला उठतो. विचारलं की म्हणतो, भरती करतोय. आळशी झालाय का हो?”

लातूर जिल्ह्यातल्या एका आईचा हा प्रश्न. ओळखीचे तपशील बदलले आहेत. मुलाने बी. ए. दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, दोन पोलीस भरत्या हुकलेल्या.

एकट्याशी बोलल्यावर तो मोकळा झाला. “दिवसा बाहेर पडलं की पारावरचे विचारतात, काय झालं रे भरतीचं? रात्री कुणी विचारत नाही.” लाजेने त्याचा दिवसच उलटा केला होता. घरच्यांनी त्याला आळस म्हणून रोज बोलणी घातली, तेवढा तो आणखी कोंडला गेला.

आधी झोप. ‘उद्यापासून पाचला उठ’ हे चार दिवसांत मोडतं. म्हणून दर तीन दिवसांनी उठायची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यायची. अकरावरून सहावर यायला महिना लागतो. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. पाहुण्यांसमोर नोकरीचा विषय बंद, हे आईवडिलांनी पाळायचं.

मग एका कागदावर आकडे. शाळेच्या मैदानावर मोजून 1600 मीटर: 6 मिनिटं 20 सेकंद. पूर्ण गुणांसाठी 5 मिनिटं 10 सेकंद लागतात. गोळाफेक कधी मोजलीच नव्हती. सराव पेपरात गणिताचे 25 पैकी 6. मैदानी चाचणी 50 गुणांची, लेखी 100 ची, आणि हा चार वर्षं फक्त धावत होता! गावोगावच्या पोरांचं इथेच चुकतं. मैदानात निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखीला बोलावत नाहीत हे खरं, पण पुढे बाद होतात ते बहुतेक गणित आणि बुद्धिमत्तेत. रोज दीड तास गणित ठरलं, सुरुवात शेकडेवारी आणि काळ-काम-वेगापासून.

जोडीला हाताला काम. जिल्ह्यातल्या आरसेटीत, म्हणजे अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, राहणं-जेवण धरून प्रशिक्षण मोफत असतं. त्याने मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणं, निवडलं, कारण उन्हाळ्यात गावात बोअरच्या मोटारी जळतात आणि मिस्त्री तालुक्याहून आणावा लागतो. वडील लगेच कर्ज काढून दुकान टाकून द्यायला निघाले होते. त्यांना थांबवलं. आधी सहा महिने जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली. तार कुठल्या गेजची म्हणजे जाडीची, वेढे किती, हे हातात बसलं नाही तर मोटार पुन्हा जळते आणि गिऱ्हाईक कायमचं तुटतं.

जेवण, आंघोळ दोन आठवडे सुटली असेल किंवा मुलगा मरणाचं बोलत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

शेवटी वय. खुल्या गटाला 28 ची मर्यादा आहे आणि भरती दरवर्षी निघेलच असं नाही. म्हणून आणखी दोनच भरत्या द्यायच्या, असं त्याने स्वतः कागदाच्या तळाशी लिहिलं. तो कागद आता रिवाइंडिंगच्या वहीत असतो.