एचएमबी-४५ पॉझिटिव्ह म्हणजे मेलॅनोमाच असं नाही

लहान मेंदूजवळून काढलेली बहिणीची गाठ काळीकुट्ट होती आणि एस-१००, एचएमबी-४५, मेलन-ए या पेशींची जात ओळखायच्या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या, म्हणून तुम्ही मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) धरून चाललाय. या तपासण्यांवरून एवढंच कळतं की पेशी मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनवणाऱ्या जातीच्या आहेत. मेलॅनोसायटोमा या त्याच पेशींच्या सौम्य गाठीतही तिन्ही पॉझिटिव्हच येतात. अशा थोड्या पेशी मेंदूच्या आवरणात प्रत्येकाच्याच असतात, तळाशी आणि मानेच्या वरच्या भागात जास्त. एमआरआयवरूनही निवाडा होत नाही; मेलॅनिनमुळे दोन्ही गाठी टी-१ प्रकारच्या चित्रात पांढऱ्या आणि टी-२ प्रकारच्या चित्रात काळ्या दिसू शकतात.

रिपोर्टात बघायचं ते वेगळंच. दहा हाय पॉवर फील्डमध्ये (सूक्ष्मदर्शकात जास्त मोठं करून दिसणाऱ्या दहा भागांत) मायटोसिस म्हणजे विभागणाऱ्या पेशी किती, नेक्रोसिस म्हणजे मेलेला भाग आहे का, गाठ मेंदूत घुसली आहे का, केआय-६७ म्हणजे वाढत्या पेशींची टक्केवारी किती. मायटोसिस शून्य किंवा एखादंच, घुसखोरी नाही, केआय-६७ एक-दोन टक्के, असं असेल तर मेलॅनोसायटोमा. मेलॅनोमात पेशी बेढब, मायटोसिस भरपूर, नेक्रोसिसही दिसतं. दोन्हींच्या मध्ये 'इंटरमीजिएट' नावाची पायरी आहे, आणि खरी डोकेदुखी तीच.

यात एक गोम आहे. रंगद्रव्य इतकं दाट असतं की पेशीचं केंद्रकच झाकलं जातं. म्हणून स्लाइड पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडने ब्लीच करून, म्हणजे रंगद्रव्य काढून, मग मोजायचं असतं. केआय-६७चा नेहमीचा तपकिरी रंगही मेलॅनिनमध्ये हरवतो. लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) बरा. हे केलं होतं का, ते लॅबला विचाराच. काळ्या गाठीत ब्लीच न करता दिलेल्या आकड्यावर माझा तरी भरवसा बसत नाही.

आणि समजा मेलॅनोमा निघालाच, तरी तो तिथेच उगवला असं धरू नका. दुसरीकडून पसरलेला कितीतरी जास्त आढळतो. अख्खी त्वचा तपासून घ्या. आपल्याकडे तळपाय, नखांखालची जागा, तोंड आणि गुदद्वार हमखास बघायला हवं. बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदाही. जीन तपासणीत बीआरएएफ व्ही-६००-ई हा जीनमधला बदल सापडला तर संशय त्वचेवर जातो. जीएनएक्यू किंवा जीएनए-११ या जीनमधला बदल सापडला तर मेंदूचं आवरण किंवा डोळा. मात्र हे दोन सौम्य गाठीतही असतात, त्यामुळे घातक की सौम्य हे त्यावरून ठरत नाही.

मेलॅनोसायटोमा ठरला तरी एमआरआय वर्षानुवर्षं चालू ठेवावे लागतील, कारण तो परत येऊ शकतो. गाठ थोडी राहिली असेल तर रेडिएशनबद्दल विचारा. त्याआधी स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून न्यूरोपॅथॉलॉजिस्टला (मेंदूच्या गाठी तपासणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. नुसत्या स्लाइडवर ब्लीच आणि जीन तपासणी पुन्हा नीट करता येत नाही.