ऑनलाइन लिलावातून गाडी घ्यावी का? आणि आपली गाडी लिलावात विकावी का?

तुम्ही साताऱ्याजवळच्या कोरेगावचे. पुण्याच्या एका यार्डात उभी असलेली २०१८ ची डिझेल गाडी तुम्हाला ऑनलाइन लिलावात दिसली आहे. बाजारात साडेसहा लाखांना जाणाऱ्या गाडीची बोली सव्वातीन लाखांपासून सुरू होतेय आणि यादीत 'आरसी (म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र) नंतर मिळेल' असं लिहिलंय. पैशांची जुळणी करायला घरची जुनी गाडी एका ॲपवर बोलीला लावायचा तुमचा विचार आहे. दोन्हींत धोका किती, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या गाडीवर बोली लावू नका. 'आरसी नंतर मिळेल' एवढं एकच कारण त्याला पुरेसं आहे. दुसरी गाडी विकायला हरकत नाही, पण काही गोष्टी हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका.

मी सांगलीत आरटीओची कामं करतो. नाव बदलणं, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवणं, एनओसी म्हणजे ना हरकत दाखला काढणं. लिलावातली गाडी घेतलेली माणसं माझ्याकडे येतात ती पैसे भरून झाल्यावर. तेव्हा त्यांच्यासाठी करता येण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'आरसी नंतर' म्हणणारी गाडी बहुधा कर्जापायी ओढून आणलेली असते. हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून आणतात. गाडी त्यांच्या ताब्यात येते, पण आरसीवर नाव कर्जदाराचंच राहतं. एरवीच्या व्यवहारात विकणारा नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करतो, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी जोडली जाते, आणि नाव होऊन जातं. ओढलेल्या गाडीत सही करणारा माणूसच नसतो. तो चिडलेला असतो, गाव सोडून गेलेला असतो, नाहीतर कोर्टात गेलेला असतो. बरं, ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी जातो तोही त्याच्याच मोबाइलवर. यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मध्ये वाट ठेवलेली आहे. फायनान्स कंपनी फॉर्म ३६ भरून स्वतःच्या नावाची नवी आरसी मागू शकते. आरटीओ मूळ मालकाला नोटीस काढतं, त्याला म्हणणं मांडायची संधी देतं आणि मग कंपनीच्या नावाने आरसी निघते. त्यानंतर कंपनीकडून तुमच्या नावावर. हे सगळं कंपनीने करायचं असतं, आणि तुमचे पैसे तिच्या खात्यात पडल्यावर तिला घाई असायचं कारण राहत नाही.

मिरजेच्या एका शिक्षकांनी अशी गाडी घेतली. गाडी चांगली होती, इंजिनाला काही दोष नव्हता. पण नाव व्हायला इतका वेळ लागला की मधल्या काळात विमा संपला, आणि आरसीवर नाव नाही म्हणून नवी पॉलिसी त्यांच्या नावावर मिळेना. घरात लहान मुलं, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही असं त्यांनी ठरवलं. योग्यच ठरवलं. पण पैसे भरलेली गाडी दारात उभी बघणं सोपं नसतं. म्हणून सांगतो, आरसी कंपनीच्या नावावर झाली आहे का, नसल्यास फॉर्म ३६ चा अर्ज दाखल झाल्याची पावती आहे का, हे बोलीच्या आधी विचारा. उत्तर लेखी मागा. यार्डातला माणूस तोंडी काय सांगतो त्याला काहीच किंमत नाही.

सरकारी लिलावाचे कागद वेगळे असतात. पोलिसांनी किंवा एखाद्या सरकारी खात्याने काढलेल्या जाहीर लिलावात गाडी घेतली तर फॉर्म ३२ लागतो. गाडी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा आणि विक्री तुमच्या नावे कायम झाल्याचं अधिकाऱ्याचं पत्र जोडायचं. असे बरेच लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर चालतात. तिथे जुन्या सरकारी जीप स्वस्तात दिसल्या तरी हुरळू नका. १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते आणि ती वाहनं अधिकृत भंगार केंद्राकडेच जायची असतात. ती तुमच्या नावावर होऊन रस्त्यावर येणार नाहीत.

आता खुद्द गाडीचं बघू. लिलावाच्या अटींत 'जसे आहे, जेथे आहे' अशी एक ओळ असतेच. तिचा सरळ परिणाम असा की हातोडा पडल्यावर निघालेला प्रत्येक दोष तुमचा. आणि आमच्या भागात ज्या दोषाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते तो पुराचा आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती चौक, शामरावनगर, कर्नाळ रोड, गावभाग, सगळीकडे गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. विमा कंपनीच्या हिशेबात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की ती 'टोटल लॉस' धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. तो घेणारे बहुतेक बाहेरचे असतात. धुऊन, पुसून, सीट कव्हर बदलून तीच गाडी लांबच्या शहरात पुन्हा बोलीला उभी राहते, आणि फोटोत ती इतकी चकचकीत दिसते की शंका यायला जागाच राहत नाही. यात गुन्हेगारीचीही एक वाट आहे. पूर्ण गेलेल्या गाडीची आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला चढवतात. कागद एका गाडीचे, गाडी दुसरी. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवावं असं कलम ५५ सांगतं, पण ते न कळवता आरसी तशीच पुढे गेली की या धंद्याला रान मोकळं होतं.

पुरातली गाडी ओळखायची असेल तर यार्डात स्वतः जावं लागतं आणि सोबत मिस्त्री लागतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. बाहेर दिसणारा भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ राहते. सीट मागे सरकवा आणि रुळांच्या खाचेत बोट घाला, गाळ हाताला लागतो. सीटचे बोल्ट गंजलेले आहेत का, पूर्वी खोलल्याच्या खुणा आहेत का ते पाहा. डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे जोड हिरवट पडलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात ओल किंवा वास आहे का, हेडलाइटच्या आत बाष्प धरलंय का. पाण्यात असताना कुणी सेल्फ मारला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो आणि इंजिन थोडे दिवस चालून मग बसतं. एअरबॅगचं नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, म्हणजे खाली असतो. तो पाण्यात गेलेला असेल तर अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. पैशाचं नुकसान भरून निघेल, हे नाही निघणार. ज्या लिलावात गाडी प्रत्यक्ष बघू देत नाहीत, त्यात भाग घेऊ नका. फोटो पन्नास दिले असले तरी.

मीटर मागे फिरवलेला असणं आता इतकं सर्रास झालंय की त्यावर वेगळं लिहीत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मागा, तिथे किलोमीटर कळतात.

गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका. बोजा कुणाचा आहे, विमा कधी संपला, ब्लॅकलिस्ट आहे का, सगळं दिसतं. ई-चलनांची बाकी वेगळी तपासा, ती गाडीसोबत तुमच्या गळ्यात येते. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर नवी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवली आहे का तेही बघा, नाहीतर आरटीओत काम अडतं. आणि बोलीच्या आकड्यात काय धरलंय ते विचारा. लिलाव कंपनीची फी, जीएसटी, यार्डाचं भाडं, पुण्याहून टोइंग, टायर, बॅटरी हे सगळं वर चढतं. महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी आणि टायर गेलेच समजा. सव्वातीनला सुरू झालेली बोली चढाओढीत साडेचारवर जाते, त्यावर हा खर्च, आणि बाजारभावाचा फरक बराच कमी होतो. आपला शेवटचा आकडा घरातच कागदावर लिहून ठेवा आणि त्यापुढे शंभर रुपयेही जाऊ नका.

दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्यांबद्दलही विचारतात लोक. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून त्या दक्षिणेकडे येतात. घ्यायला बंदी नाही. पण तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच ११ चं नवं पासिंग हे सगळं तुम्हाला करायचं आहे. तो हिशेब धरून परवडत असेल तरच बघा.

आता तुमची घरची गाडी. विकणारा स्वतःला सुरक्षित समजतो, कारण पैसे त्याला मिळालेले असतात. मला उलट त्याचीच जास्त काळजी वाटते.

ॲपवर बोली लावणारे बहुतेक व्यापारी असतात. संध्याकाळी एक आकडा ठरतो, सकाळी माणूस दारात येऊन ओरखडे आणि टायर मोजत वीस-तीस हजार खाली आणतो. ते एकवेळ सोसता येतं. खरा प्रश्न गाडी गेल्यावर सुरू होतो. व्यापारी ती स्वतःच्या नावावर करत नाही. पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तुमच्या सहीचे टीटीओ (म्हणजे नाव बदलण्याचे) फॉर्म त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून असतात, आणि गाडी कोण चालवतोय ते तुम्हाला माहीत नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो, अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच मागितली जाते. तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी गाडी विकली आणि पुढच्या हंगामात त्यांना थेट कोर्टाचं समन्स आलं. जिथे अपघात झाला त्या गावाचं नावही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

१ एप्रिल २०२३ पासून यावर एक चांगली तरतूद आली आहे आणि ती लोकांना माहीतच नाही. आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेल्या डीलरला गाडी दिली की फॉर्म २९ सी ने तशी ऑनलाइन नोंद करता येते. त्यानंतर गाडी पुढे विकली जाईपर्यंत जबाबदारी त्या डीलरची. म्हणून ॲपवाल्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: गाडी घेणाऱ्याकडे अधिकारपत्र आहे का, आणि २९ सी ची नोंद किल्ली देण्याच्या दिवशीच होईल का. नाही म्हणाले तर दुसरा गिऱ्हाईक बघा. साताऱ्यात, कराडात गाडी घेणारे ओळखीचे लोक असतातच, दहा हजार कमी आले तरी चालतील.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही करा. गाडी दिल्याचं पत्र तारखेसह आणि वेळेसह लिहून घ्या, दोघांच्या सह्या आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा. पूर्ण रक्कम बँक खात्यात दिसल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते काम समोरच्यावर सोडू नका. त्याच दिवशी फास्टॅग बंद करा, नाहीतर गाडी आनेवाडी आणि तासवडे नाक्यावरून जाईल आणि पैसे तुमच्या खात्यातून कापले जातील. विम्यातला नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नसतो. विमा कंपनीकडून तसं प्रमाणपत्र मागून घ्या, पुढच्या गाडीला लागू होतं.

आणखी एक, खास तुमच्या जिल्ह्यासाठी. 'मी फौजी आहे, बदली झाली, गाडी घाईत विकायचीय' असं सांगून लष्करी ओळखपत्राचा फोटो पाठवायचा आणि वाहतुकीच्या नावाखाली पैसे मागायचे, हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, फौजी नाही असं घराणं शोधावं लागतं. त्यामुळे वर्दीवर आपला विश्वास पटकन बसतो आणि ही माणसं नेमकं तेच वापरतात. बँकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिलावाच्या याद्याही अशाच. अनामत रक्कम एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितली तर तिथेच थांबा. ज्या बँकेचा लिलाव म्हणतात तिच्या कोरेगाव किंवा साताऱ्याच्या शाखेत जाऊन यादी दाखवा आणि खरी आहे का विचारा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोचली तर ती गोठवता येते, म्हणून 'आधी घरी विचारतो' म्हणत रात्र घालवू नका.