देव सोबत आहे, तर मन शांत का होत नाही?

"रोज प्रार्थना करते, नाम घेते, तरी आतून काहीच वाटत नाही. देवाने पाठ फिरवली असेल का?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की तो 'झोप येत नाही' या तक्रारीआड लपला असला तरी मला ओळखू येतो. त्यातल्या एका ताईंविषयी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पन्नाशीच्या या ताईंच्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलं. औषधं, व्यायाम, सेवा, सगळं त्या निगुतीने करत. देवासमोर मात्र कधी रडायच्या नाहीत. तो त्यांना अविश्वास वाटे.

देव आहे की नाही, हा माझा प्रांत नाही आणि समुपदेशकाने तिथे शिरूही नये, असं माझं ठाम मत आहे. मला शोधायचं होतं एवढंच, की देव जवळ असल्याची खूण त्या कशाला मानतात. एका भेटीत ते हाती लागलं.

"प्रार्थना झाली की थोडा वेळ बसून बघते, शांत वाटतंय का."

"नाही वाटलं तर?"

"मग वाटतं, तो आलाच नाही."

झोप लागली का, हे सारखं तपासत राहणाऱ्याला झोप कशी लागायची! पण हे मी बोलले नाही. विचारलं, "तुमच्या आई शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा जवळ कोण असायचं?"

"मीच. रात्र-रात्र बसायचे."

"तुम्ही बसलात की त्यांच्या वेदना थांबायच्या?"

"छे! कण्हतच असायची."

"मग तुमच्या बसण्याचा उपयोग काय झाला?"

त्या चिडल्याच. "उपयोग काय म्हणजे? मी नुसती पाणी प्यायला उठले तरी हाताने चाचपायची. 'कुठे गेलीस' म्हणायची."

एवढं बोलून त्या थांबल्या. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार शिवशिवते. ती आवरणं हे माझ्या मते आमचं निम्मं काम आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे दुखत असतानाही कोणी शेजारी असू शकतं."

हेच वाक्य मी सांगितलं असतं तर आठवडाभरही टिकलं नसतं.

दुःख थांबलं तरच देव आला, असं मानणारा माणूस दुःख आणि एकटेपण दोन्ही सोसतो. दुसरं ओझं जास्त जड असतं. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह पंचावन्नच्या पुढच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, 'देवाने मला टाकलं' असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका काहीसा जास्त आढळला. म्हणून घरच्यांना माझी विनंती असते, की 'देव परीक्षा पाहतोय', 'तुझीच श्रद्धा कमी पडतेय' असं दुःखी माणसाला ऐकवू नका. आणि देवाशी भांडावंसं वाटलं तर खुशाल भांडावं. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले! भांडण जवळच्याशीच होतं.

ताईंची प्रार्थनाही बदलली. 'आज यांनी ताट भिरकावलं, मला राग आला, तुझाही आला,' असं त्या देवाला सांगू लागल्या. यजमानांची वाचा परतलेली नाही. पण प्रार्थनेनंतर शांतीची वाट पाहत बसणं त्यांनी सोडलं आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक हरपली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवंच. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. ताईंनाही मी पाठवलं होतं. औषध घेणं म्हणजे भरवसा कमी पडणं, असं तुम्हाला वाटतं का, असं मी नंतर विचारलं. त्या हसल्या. "मी गोळी घेते आणि मगच प्रार्थनेला बसते. नाहीतर विसरायला होतं."