प्रकाशाने स्तनांची तपासणी करायची आहे, मग शिकायचं काय?

कळव्याहून बारावीच्या एका विद्यार्थिनीने लिहिलंय: आईच्या मॅमोग्राफीत स्तन 'डेन्स' (दाट ऊतींचे) असल्याने नीट दिसलं नाही, सोनोग्राफी सांगितली. प्रकाशाने तपासणी करण्याबद्दल वाचून तिला त्याच क्षेत्रात यायचंय. नीट द्यावी लागेल का? बाबा म्हणतात, मेडिकल इमेजिंगची बीएस्सी कर, नोकरी लगेच मिळेल.

नीटची गरज नाही. बाबा सांगतात तो कोर्स चांगला आहे, पण तो यंत्र चालवायला शिकवतो. तुला यंत्र घडवायचंय, असं पत्रावरून दिसतं.

त्यातलं खरं काम सांगते. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश शरीरात काही सेंटिमीटर आत जातो. हिमोग्लोबिन तो शोषतं. ऑक्सिजन असताना वेगळा, नसताना वेगळा. वाढती गाठ नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, म्हणून तिथे हिमोग्लोबिन सहसा जास्त सापडतं. पण मॅमोग्राफीतले क्ष-किरण बरेचसे सरळ पार होतात, तर हा प्रकाश आत गेल्यावर चहूकडे विखुरतो. बाहेर आलेल्या प्रकाशावरून आतली गाठ शोधणं हे फार अवघड गणित आहे आणि चित्र धूसर येतं. मॅक्स कटलर यांनी १९२९ मध्येच स्तनातून दिव्याचा उजेड पार करून पाहिला होता. तरी आजही हे तंत्र मॅमोग्राफीची जागा घेऊ शकलेलं नाही. केमोथेरपीला गाठ दाद देतेय का, हे पाहण्यासाठी मात्र त्यावर आशेने संशोधन चालू आहे. अपुऱ्या राहिलेल्या क्षेत्रात नव्या माणसाला करण्यासारखं पुष्कळ असतं, म्हणून मला तुझा निर्णय आवडला.

माझं मत इलेक्ट्रॉनिक्स किंवा बायोमेडिकल इंजिनीअरिंगकडे झुकतं. पुढे एमटेकसाठीच्या गेट परीक्षेत बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. इमेज प्रोसेसिंग येत असेल तर सोनोग्राफी, एमआरआयच्या यंत्रांचं कामही मिळू शकतं, म्हणजे बाबांची काळजी निम्मी कमी. फिजिक्सच हवं असेल तर नेस्ट ही विज्ञानाची प्रवेश परीक्षा दे. त्यातून मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात पाच वर्षांची एमएस्सी करता येते. संशोधनात राहायचं तर पीएचडी धरूनच चाल, हे बाबांना आत्ताच सांग. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात लेझरच्या रामन विकिरणावरून (पदार्थानुसार बदलून विखुरणाऱ्या प्रकाशावरून) कर्करोगाच्या ऊती ओळखण्याचं संशोधन झालंय. ठाण्याहून पनवेल लोकलने ते अंतर फार नाही. सीईटीला पीसीएम गट सोडू नकोस.

आणि आईंची सोनोग्राफी राहिली असेल तर ती याच आठवड्यात करून घ्या. प्रकाशाच्या यंत्राची वाट बघू नका.