द्राक्षबागेत बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी पुण्यात नोकरी करतो. तासगाव तालुक्यात वडिलांची द्राक्षबाग आहे. तिथं गड्याला जास्त आणि बाईला कमी हजेरी (दिवसाची मजुरी) देतात. हे बेकायदा नाही का? आणि मी एकट्यानं सारखी हजेरी द्यायला लागलो तर काय होईल?"

बेकायदा आहे, पण कायद्याच्या तावडीत सापडणार नाही अशा बेतानं ते चालतं. मी तासगाव तालुक्यातच राहते. आमचीही बाग आहे आणि मजुरांची हजेरीवही माझ्याकडे असते. म्हणजे मी पैसे देणाऱ्यांतली आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

समान वेतनाचा कायदा 1976 सालचा. तीच तरतूद पुढं 2019 च्या वेतन संहितेत आली. काम सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं असेल तर बाई म्हणून कमी पैसे देता येत नाहीत. सारखं म्हणजे काय, तर लागणारं कौशल्य, कष्ट आणि जबाबदारी सारखी. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या खटल्यात 1987 साली सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: आम्हाला परवडत नाही, ही सबब चालणार नाही. तिथं प्रश्न स्टेनोग्राफर बाईंच्या पगाराचा होता. पण "द्राक्षाला दर नाही, बाईला कुठून देऊ?" म्हणणाऱ्या प्रत्येक बागायतदाराला तो निकाल वाचून दाखवावा असा आहे.

मग अडतं कुठं? आपल्याकडं बाई आणि गडी एकच काम करताना दिसतच नाहीत. छाटणी, मग डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावणं, फवारणी, क्रेट उचलणं ही गड्यांची कामं. फेलफुटी म्हणजे नको असलेली फूट काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढणं, शेडवर बेदाणा निवडणं ही बायकांची. गड्याला 500 पडत असतील तर बाईला 300-350, असा साधारण हिशेब, आणि कारण ठरलेलं: बायकांचं काम हलकं. आधी काम वाटून घ्यायचं, मग बाईच्या वाट्याला आलं म्हणून त्याला हलकं म्हणायचं. कायद्याची तुलना सुरू व्हायच्या आधीच संपते.

विरळणी हलकी म्हणणाऱ्यानं एक दिवस मांडवाखाली उभं राहून बघावं. मान वर, दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात बारकी कात्री. बाजरीएवढे मणी घडात गच्च भरलेले असतात. त्यातले कुठले ठेवायचे आणि कुठले उडवायचे हे क्षणात ठरवावं लागतं. कमी काढले तर मणी एकमेकांवर दाबून फुगतात, चिरतात, मापात बसत नाहीत. जास्त काढले तर घड मोकळा पडून वजन जातं. आमच्याकडं येणाऱ्या एक मावशी घड उजव्या हातानं धरतच नाहीत. डाव्या हाताच्या दोन बोटांवर देठ तोलून तो फिरवतात आणि कात्री आत सरकवतात, शेजारच्या मण्याला टोक लागू देत नाहीत. नवीन पोरीला हे जमायला एक हंगाम जातो. माल परदेशी जाणार की लोकल मार्केटला, हे बरंचसं त्या कात्रीवर ठरतं. आता सांगा, कौशल्य आणि जबाबदारी कुणाची जास्त?

एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. बायका घरचं आवरून, डबे करून येतात, त्यामुळे पुष्कळदा गड्यापेक्षा उशिरा लागतात आणि तासाचा फरक खरा असतो. पण मग तासाचा दर काढा ना! मी वहीत तो काढते, आणि तास जुळवूनही बाईचा आकडा खालीच राहतो. (आणि ते घरचं आवरणं कुणाच्या हजेरीत धरायचं, हा वेगळाच विषय. माझीही हजेरी कुठल्या वहीत नाही आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर आहे.)

असं काही वेगळं चालूच शकत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला विसापूरला न्या. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे तिथले, आणि योजनेचा पहिला प्रयोगही आपल्याच तालुक्यात झाला. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. त्या कामांवर मापाप्रमाणे दाम, बाई असो की गडी, दर एकच. सरकारी रस्त्यावर जे चाललं ते बांधाच्या आत येताच अवघड कसं होतं, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकट्यानं हजेरी वाढवलीत तर शेजारचे "दर बिघडवला" म्हणून तुमच्या वडिलांना पारावर ऐकवतील. मजूर मात्र तुमच्याकडं आधी येतील. विरळणी सगळ्या शिवाराला एकाच वेळी लागते आणि चार दिवस चुकले की मणी पुढं जातात. त्या आठवड्यात टोळ्या मिळवायला लोक काय काय करतात बघा: हजेरी तीच ठेवतात, पण गाडीभाडं वाढवतात, चहाबरोबर नाश्ता देतात. पैसे जातातच, फक्त गावचा दर वाढला असं कुणाला म्हणता येत नाही.

माझं मत विचाराल तर हजेरी सारखी करण्यापेक्षा विरळणी एकरावर उक्ती द्या, म्हणजे रोजावर नाही, एकराचा ठरलेला दर. गड्यांच्या टोळ्या छाटणी वर्षानुवर्षं उक्तीच घेतात, त्यांना कुणी हजेरी विचारत नाही. बायकांनी उक्तं घेतलं की किती वाजता आल्या हा प्रश्न संपतो आणि दाम कामाला लागतं. तोटा आहे, लपवत नाही: उक्त्यात घाई होते आणि टोळीत म्हाताऱ्या बाईला घ्यायला कुणी तयार नसतं. म्हणून दर ठरवतानाच घडात किती मणी ठेवायचे ते ठरवा आणि पहिल्या दोन ओळी सोबत उभं राहून बघा.

शिक्षणानं हे सुटेल म्हणणाऱ्यांशी मी अर्धीच सहमत आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी 2024 पासून माफ झाली, हे चांगलंच झालं. पण शिकलेल्या मुलीनं सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी धरायची की नाही हे पुष्कळदा संध्याकाळची एसटी ठरवते, आणि पुढं मूल झालं की सासूबाईंची तब्येत. अर्थशास्त्राचं 2023 चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या कमाईच्या तफावतीबद्दल तेच मांडलं: ती मोठी होते पहिल्या मुलानंतर. शिवाय मुली शिकून गेल्या तरी विरळणी कुणीतरी करणारच आहे, तिला काय द्यायचं हा प्रश्न तिथंच राहतो.

वडिलांशी बोलताना कायदा काढू नका, चिडतील. ऑक्टोबर छाटणीच्या आधी गावी या आणि गेल्या हंगामातल्या पट्ट्या (माल विकल्याच्या हिशेबाच्या पावत्या) काढायला सांगा. विरळणी नीट झालेल्या प्लॉटला काय दर लागला आणि गडबडीत उरकलेल्याला काय, ते शेजारी शेजारी मांडा. मग टोळी घेऊन येणाऱ्या बाईंना घरी बोलवा आणि एकराचा दर आधी त्यांच्या तोंडून ऐका.